१ कोटी ४ लाख आणि ५०० : ग्रंथालयं सोशल वेबवर गेली तेव्हा नेमकं काय झालं?



गेल्या काही महिन्यांत मला येणाऱ्या ई-मेलमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा दिसतोय. ‘सार्वजनिक ग्रंथालयांकडून होणारा सोशल मीडियाचा वापर : एक अभ्यास’, आणि शेवटी जिल्ह्याचं नाव. पेट देऊन झालेली, मार्गदर्शक शोधत असलेली मुलंमुली विचारतात, "ताई, प्रश्नावलीत किती प्रश्न ठेवू? नमुना किती ग्रंथालयांचा घेऊ?"

मी ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली, आणि पीएच.डी.चं काम हर्बेरियममधल्या जुन्या नमुन्यांवर चाललंय. तरी या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे: प्रश्नावली थोडी बाजूला ठेवा आणि आधी या विषयाचा इतिहास वाचा. तो फार जुना नाही, जेमतेम वीस वर्षांचा आहे. पण तो वाचला नाही, तर आपण जे मोजायला सोपं आहे तेच मोजत बसतो. किती ग्रंथालयांचं फेसबुक पेज आहे, किती लाइक्स आहेत, आठवड्याला किती पोस्ट पडतात. आकडे मिळतात, पाय चार्ट होतात, प्रबंधही होतो. आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो, की या सगळ्यातून ग्रंथालयाच्या पदरात काय पडलं?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. माझ्याच एका चुकीतून सापडला. ती आधी सांगते.

एक फोटो आणि एक बदाम

२०१४ साली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आमच्या गावच्या वाचनालयाचं फेसबुक पेज सुरू केलं. ग्रंथपाल काकांनी हौसेनं जुन्या फोटोंची पेटी उघडून दिली. त्यातला एक फोटो १९६१ सालचा होता. वाचनालयाच्या पायऱ्यांवर अकरा माणसं, कडेला नऊवारीतली एक बाई. मागे पेन्सिलीनं फक्त ‘वार्षिक सभा’ आणि साल. मी मोबाइलवर फोटोचा फोटो काढला आणि टाकून दिला.

दोनशेच्या वर लाइक्स आले. मी खूश. त्या गर्दीत पुण्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची लांबलचक प्रतिक्रिया होती. त्यांनी डावीकडून उजवीकडे नऊ जणांची नावं लिहिली होती. कडेच्या बाईंबद्दल लिहिलं होतं, की ज्या घरांतल्या बायकांना वाचनालयात यायची मुभा नव्हती त्यांच्याकडे त्या पिशवीतून पुस्तकं घेऊन जात आणि आठवड्यानं बदलून आणत. वाचनालयाच्या एकाही कागदावर त्या बाईंचा उल्लेख नव्हता. ना सभासद यादीत, ना इतिवृत्तात. मी त्या प्रतिक्रियेखाली उत्तरादाखल बदामाचं चिन्ह टाकलं आणि पुढच्या पोस्टच्या तयारीला लागले.

पाच वर्षांनी वाचनालयाची स्मरणिका निघायची होती. समितीतल्या एकांनी विचारलं, या बाई कोण? मी म्हटलं, थांबा, सगळं आहे माझ्याकडे. मग शोधायला बसले. पेज माझ्या ज्या खात्याला जोडलं होतं ते जुन्या मोबाइल नंबरावर होतं, तो नंबर कधीच बंद झाला होता, पासवर्ड आठवत नव्हता, आणि पेजही दिसेना. त्या शिक्षकांच्या घरी फोन लावला. ते आदल्या वर्षीच गेले होते.

स्मरणिकेत तो फोटो ‘वार्षिक सभा, १९६१’ एवढ्याच ओळीसह छापला गेला. बाईंचं पहिलं नाव मला आठवतं. आडनाव आठवत नाही.

आता हा किस्सा डोक्यात ठेवून पुढचा इतिहास वाचा. तो तुम्हाला वेगळा दिसेल.

शब्द आधी आला

‘वेब २.०’ हा शब्द २००४ मध्ये टिम ओ’रायली यांच्या कंपनीनं भरवलेल्या परिषदेमुळे सर्वतोमुखी झाला. त्याआधीचं वेब म्हणजे वाचायची पानं. आता वाचणाराही लिहू शकत होता, प्रतिक्रिया देऊ शकत होता, फोटोवर टॅग लावू शकत होता. टॅग म्हणजे आपल्या शब्दांत लावलेली चिठ्ठी. त्यासाठी ठरावीक विषयसूची पाहायची गरज नाही.

लगेच पुढच्या वर्षी, २००५ मध्ये, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ग्विनेट काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणारे मायकेल केसी ‘लायब्ररी २.०’ हा शब्द वापरू लागले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ग्रंथालयानं सतत बदलत राहावं आणि सेवा घडवण्यात व तपासण्यात वाचकाला सामील करून घ्यावं. शब्द वणव्यासारखा पसरला. २००६ च्या सुरुवातीला वॉल्ट क्रॉफर्ड यांनी या शब्दावरची मतं गोळा करून पाहिली, तेव्हा त्यांना ६२ मतं आणि ७ वेगवेगळ्या व्याख्या मिळाल्या!

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथे एक खूण करून ठेवा. एखाद्या शब्दाच्या एवढ्या व्याख्या असतील, तर ‘आमच्या जिल्ह्यात लायब्ररी २.० कितपत रुजलं’ असा प्रश्न विचारताच येत नाही. आधी कोणती व्याख्या, ते सांगावं लागतं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट आणि मेक्लनबर्ग काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी एक उपक्रम आखला. नाव ‘लर्निंग २.०’, पण तो ओळखला जातो ‘२३ गोष्टी’ म्हणून. नऊ आठवड्यांत प्रत्येकानं स्वतःच्या गतीनं २३ छोटी कामं करायची: ब्लॉग सुरू करा, फ्लिकरवर फोटो चढवा, टॅग लावा, विकीवर लिहा, वगैरे. सगळी कामं पुरी करणाऱ्याला एमपी-३ प्लेअर बक्षीस. पुढे जगभरातल्या शेकडो ग्रंथालयांनी हाच आराखडा उचलला.

हा उपक्रम मला मनापासून आवडतो, कारण त्यात कर्मचाऱ्यांना भाषणं दिली नाहीत, हातात साधन दिलं. पण तो एका ठिकाणी थांबतो. कर्मचाऱ्याला साधन वापरता आलं. पुढे वाचक काहीतरी बोलला, तर त्या बोलण्याचं काय करायचं? २०१४ मध्ये मलाही सगळी साधनं वापरता येत होती.

टॅगांची रिकामी पाटी

या पुढच्या प्रश्नाला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांमध्ये मिशिगनमधलं ॲन आर्बर जिल्हा ग्रंथालय येतं. जॉन ब्लायबर्ग तिथे संगणकाचं काम बघत. त्यांनी जानेवारी २००७ मध्ये ग्रंथालयाची ऑनलाइन तालिकाच वाचकांना खुली केली. तालिका म्हणजे आपला कॅटलॉग. एखादं पुस्तक शोधलं की त्याच पानावर वाचकाला टॅग लावता येई, गुण देता येत, परीक्षण लिहिता येई. कल्पना अगदी बरोबर होती. वाचकाचं बोलणं भलत्याच ठिकाणी न जाता थेट पुस्तकाच्या नोंदीशेजारी बसत होतं.

अडचण संख्येची होती. एका शहराच्या ग्रंथालयात पुस्तकं लाखांनी असतात, आणि टॅग लावायची हौस असलेले वाचक मूठभर. बहुतेक पुस्तकांच्या पानावर टॅगची जागा रिकामीच राहणार.

असं का होतं, याचं चांगलं उत्तर त्याच सुमारास टिम स्पॉल्डिंग यांनी दिलं. त्यांनी २००५ मध्ये ‘लायब्ररीथिंग’ नावाची साइट सुरू केली होती; तिथे लोक आपल्या घरच्या पुस्तकांची यादी करतात. २००७ मध्ये त्यांनी हिशेब मांडला, की ॲमेझॉनवर येणारी माणसं कितीतरी जास्त, तरी पुस्तकांवरचे टॅग लायब्ररीथिंगवर सुमारे दहापट. कारण साधं आहे. स्वतःच्या कपाटाला माणूस चिठ्ठ्या लावतो, दुकानदाराच्या कपाटाला कशाला लावेल?

उपाय निघाला तोही याच निरीक्षणातून. २००७ मध्येच कनेटिकटमधल्या डॅनबरी ग्रंथालयानं लायब्ररीथिंगवर जमलेले टॅग आपल्या तालिकेत दाखवायला सुरुवात केली. एका गावाला जे जमत नव्हतं ते हजारो लोकांच्या घरगुती याद्या एकत्र करून जमलं. म्हणजे पहिला धडा: एकेका ग्रंथालयानं एकट्यानं पाटी मांडून बसण्यात फार अर्थ नाही. आणि दुसरा: जी गोष्ट लोकांना आपली वाटते तिथेच ते लिहितात.

१६ जानेवारी २००८

आता या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगाकडे येऊ. तो केला लायब्ररी ऑफ काँग्रेसनं. ही अमेरिकी संसदेची लायब्ररी, जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एक. गावच्या वाचनालयाशी तिची तुलना होत नाही हे मान्य. पण तिची अडचण मात्र माझ्या त्या पेटीसारखीच होती: फोटो आहेत, माहिती नाही.

तिच्याकडे बेन न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेच्या काचेच्या हजारो निगेटिव्ह आहेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्यांवर वृत्तसंस्थेच्या माणसानं घाईत खरडलेलं एखादं आडनाव, तेही कधी चुकीच्या स्पेलिंगचं. ग्रंथालयाच्या नोंदीतही प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, की शीर्षक वृत्तसंस्थेच्या न पडताळलेल्या माहितीवरून घेतलं आहे.

१६ जानेवारी २००८ रोजी ग्रंथालयानं फ्लिकर या फोटोंच्या साइटवर ३,११५ फोटो ठेवले. साधारण निम्मे बेन यांचे, निम्मे १९३९ ते १९४४ या काळात सरकारी छायाचित्रकारांनी काढलेले रंगीत. फ्लिकरनं यासाठी ‘द कॉमन्स’ नावाचा वेगळा विभाग केला. हक्कांचा प्रश्नही नेटका सोडवला: ‘कॉपीराइटचे कोणतेही निर्बंध आमच्या माहितीत नाहीत’ अशा अर्थाचं नवं विधान या फोटोंसाठी तयार केलं. त्यानंतर दर आठवड्याला ५० फोटो पडत गेले.

लोक तुटून पडले. ऑक्टोबर २००८ पर्यंतचा हिशेब ग्रंथालयानंच अहवालात दिलाय:

फोटोंची संख्या झाली होती ४,६१५. ते पाहिले गेले १ कोटी ४ लाख वेळा. २,५१८ खात्यांवरून ६७,१७६ टॅग लागले. २,५६२ खात्यांवरून २,८७३ फोटोंवर ७,१६६ प्रतिक्रिया आल्या. अयोग्य म्हणून काढून टाकाव्या लागलेल्या गोष्टी २५ हूनही कमी. आणि ग्रंथालयाच्या स्वतःच्या तालिकेतल्या ५०० हून अधिक नोंदी लोकांनी दिलेल्या माहितीमुळे सुधारल्या.

बातम्यांमध्ये गाजतो तो कोटीचा आकडा. मला विचाराल तर या अहवालातला सर्वांत मोठा आकडा ५०० आहे.

हिशेब करून बघा. ४,६१५ पैकी ५०० म्हणजे साधारण दर नऊ फोटोंमागे एका फोटोची कायमची नोंद बदलली. कोणी जुनं वर्तमानपत्र शोधून तारीख पक्की केली, कोणी इमारत ओळखली, कोणी आडनावावरून माणूस ओळखला. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावचं जुन्या, वापरलेल्या नळसामानाचं एक दुकान जॅक डेलानो यांनी १९४० च्या सुमारास टिपलं होतं. त्या फोटोखाली गावाच्या, दुकानाच्या आठवणी जमत गेल्या. सरकारी छायाचित्रकारानं जे लिहून ठेवलं नव्हतं ते गावच्या माणसांना ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट. सरासरी काढली तर टॅग लावणाऱ्या प्रत्येकानं २७ टॅग लावले असं दिसेल. पण अशा सरासरीवर कधी विसंबू नका. खरं जड काम थोडेच लोक करतात. संशोधकासारखे खोदून खोदून पुरावे आणणारे सुमारे २० जण होते, असं अहवालच सांगतो. ही माणसं ग्रंथालयाच्या पगारावर नव्हती. पण त्यांनी दिलेली दुव्यांसहित माहिती तपासायला मात्र पगारावरची माणसं बसली होती. त्याशिवाय ७,१६६ प्रतिक्रियांतून ५०० नोंदी निघाल्या नसत्या. लोकांचा उत्साह फुकट मिळतो. तपासणी फुकट होत नाही.

चिकटवलेली चिठ्ठी

त्या नोंदी नेमक्या कशा बदलल्या, हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले, कारण ते माझ्या ओळखीचं होतं.

ग्रंथालयानं जुनं शीर्षक पुसलं नाही. ते तसंच ठेवून खाली टीप जोडली, की फोटोत अमुक दिसत आहे, आणि पुढे माहितीचा स्रोत लिहिला: फ्लिकर कॉमन्स प्रकल्प, २००८.

हर्बेरियममध्ये आम्ही हेच करतो. शंभर वर्षांपूर्वी कोणी वनस्पती गोळा करून शीटवर चिकटवली, लेबलावर नाव लिहिलं. आज मला ते नाव चुकीचं वाटलं, तर त्या लेबलाला हात लावायची मुभा मला नाही. मी शेजारी छोटी चिठ्ठी चिकटवते: माझ्या मते हे नाव, माझी सही, तारीख. पुढचा अभ्यासक माझ्या शेजारी तिसरी चिठ्ठी लावेल. एका शीटवर चार-चार चिठ्ठ्या असतात, आणि त्या वाचल्या की ओळखीचा सगळा वाद समोर उभा राहतो. कोणी, केव्हा, काय म्हटलं, हे कळत असेल तर चूकही उपयोगी पडते.

म्हणजे बाहेरच्या माणसाचं ज्ञान नोंदीत घेण्याची रीत नवी नाही. सोशल वेबनं फक्त चिठ्ठी लावू शकणाऱ्यांची संख्या वाढवली. चिठ्ठीवर काय लिहायचं याचा नियम जुनाच राहिला: जुनं पुसू नका, कोणी सांगितलं ते लिहा, तारीख घाला.

काम लहान करा

याच काळात आणखी दोन ग्रंथालयांनी वेगळी वाट धरली. ती दुसऱ्याच्या साइटवर न जाता लोकांना आपल्या दारात घेऊन आली.

२००८ मध्येच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुन्या वर्तमानपत्रांची सेवा सुरू केली; ती पुढे ‘ट्रोव्ह’मध्ये सामावली. छापील पान स्कॅन करून संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतली की जुन्या, पुसट छपाईत भरपूर चुका होतात. या ग्रंथालयानं चुकलेली ओळ दुरुस्त करायची सोय थेट वाचकाला दिली. लोक आधी आपल्या आजोबा-पणजोबांच्या मृत्यूची बातमी दुरुस्त करायला आले आणि मग पुढची पानंही करत बसले. पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २० लाख ओळी दुरुस्त झाल्या. मूळ मजकूर आणि दुरुस्ती, दोन्ही जपलं जातं. पुन्हा तीच चिठ्ठी.

एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयानं ‘व्हॉट्स ऑन द मेन्यू?’ सुरू केलं. या ग्रंथालयाकडे हॉटेलांच्या जुन्या मेनूकार्डांचा मोठा संग्रह आहे. १९०० पासून फ्रँक बटॉल्फ या बाईंनी तो नेटानं जमवला. नक्षीदार अक्षरं आणि हातानं लिहिलेले मेनू संगणकाला वाचता येईनात. म्हणून लोकांना विनंती केली: एक पदार्थ, त्याची किंमत, एवढंच टाइप करा. हळूहळू १७ हजारांवर मेनूंमधून १३ लाखांहून अधिक पदार्थांच्या नोंदी झाल्या, आणि ग्रंथालयानं ती सगळी माहिती कोणालाही उतरवून घेता येईल अशी खुली ठेवली.

काम किती लहान केलंय बघा. निबंध लिहा असं म्हटलं असतं तर कोणी आलं नसतं. एक ओळ, हे जमण्यासारखं होतं.

विज्ञान शाखेतून येणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे. एकच पदार्थ लोकांनी शंभर तऱ्हांनी लिहिलेला असतो, कारण मेनूंवरच तो तसा छापलेला होता. केटी रॉसन आणि ट्रेव्हर मुन्योझ या दोन अभ्यासकांनी या माहितीवर काम केलं आणि २०१६ मध्ये लिहिलं, की ‘डेटा साफ करणं’ या आपल्या सवयीकडे जरा संशयानं पाहायला हवं. सगळे फरक पुसून एकच नाव ठेवलं तर तक्ता सुबक होतो, पण हॉटेलवाले पदार्थाचं वर्णन कसं करत होते ही माहिती जाते. तुमच्या प्रश्नावलीतली ‘इतर’ या रकान्यातली उत्तरं टाकून देण्याआधी हे आठवा.

दुकानं बंद होतात

आता शेवटचा भाग, आणि तो माझ्या दुखण्याचा आहे.

ऑर्कुट आठवतंय? आपल्या मोठ्या भावंडांच्या पिढीनं तिथे मराठी कविता, किल्ले, जुनी गाणी यांवर किती लिहिलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. सामान्य वापरकर्त्यांसाठीचं गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. फ्लिकरचे मालक बदलत गेले. २०१८ मध्ये स्मगमग कंपनीनं ते विकत घेतलं आणि फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा घातली. कॉमन्समधल्या फोटोंना सूट मिळाली म्हणून ते वाचले. कॉमन्सच्या दीर्घकाळाच्या काळजीसाठी पुढे २०२२ मध्ये एक वेगळी संस्था उभी राहिली. तिचं नेतृत्व कॉमन्सची मूळ मांडणी करणाऱ्या जॉर्ज ओट्स यांच्याकडेच आलं.

समजा, उद्या फ्लिकर बंद झालं. १ कोटी ४ लाख वेळा कोणी काय पाहिलं याची खूण राहणार नाही. त्या ५०० नोंदी मात्र राहतील, कारण त्या ग्रंथालयाच्या तालिकेत आहेत. साधन भाड्याचं असतं, दप्तर आपलं असतं. लोकांशी बोलायला भाड्याच्या जागेत जरूर जावं, पण बोलणं संपल्यावर जे मिळालं ते घरच्या वहीत उतरवून ठेवावं. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

मग तुमचा प्रश्न काय असावा?

महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानंतर अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित ग्रंथालयं गावोगाव झाली. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी दाखल नोंदवही आहे, देवघेव नोंदवही आहे, आणि टेबलावर दोरीनं बांधलेली सूचनावहीसुद्धा आहे. वाचकाचं म्हणणं लिहून घ्यायची सोय आपल्याकडे फेसबुकच्या आधीपासून होती. तुटतं ते पुढे. सूचनावहीतलं आणि पेजवरचं, दोन्ही तिथेच राहतं. मुख्य नोंदीपर्यंत पोचत नाही.

म्हणून ‘किती ग्रंथालयांचं पेज आहे’ याऐवजी हे विचारून बघा:

१. गेल्या वर्षभरात वाचकांच्या प्रतिक्रियांत ग्रंथालयाला आधी ठाऊक नसलेली माहिती किती वेळा आली?

२. त्यातली किती तपासली गेली? कोणी तपासली, आणि त्याला त्यासाठी वेळ दिला होता का?

३. ग्रंथालयाच्या वहीत किंवा तालिकेत त्यामुळे किती नोंदी बदलल्या? सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिली का?

४. पेजची चावी कोणाकडे आहे? ती व्यक्ती गेली तर काय राहील?

कबूल, बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य येईल. घाबरू नका. शून्य हासुद्धा निष्कर्ष आहे, आणि ते शून्य का आहे हे शोधणं म्हणजेच संशोधन. कदाचित ग्रंथपालांचं मानधन तुटपुंजं असेल, कदाचित तालिकाच अजून कागदावर असेल, कदाचित नोंद बदलायचा अधिकार कोणाला हेच ठरलेलं नसेल. लाइक्स मोजणाऱ्या प्रश्नावलीतून यातलं काहीच बाहेर येत नाही.

नमुना लहान घेतलात तरी चालेल. दहा ग्रंथालयं घ्या, पण प्रत्येक ठिकाणी पेज आणि नोंदवही शेजारी शेजारी ठेवून पाहा. हे काम गुगल फॉर्मवर होत नाही; एसटीनं जावं लागतं.

मागच्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा ग्रंथपाल काकांकडून तो फोटो पुन्हा मागून घेतला. मागची पेन्सिलीची ओळ तशीच ठेवली. एका कागदावर मला खात्रीनं आठवणारी चार नावं लिहिली, कडेच्या बाईंचं पहिलं नाव लिहिलं, आडनावाची जागा मोकळी सोडली. खाली लिहिलं: ‘एका जुन्या वाचकानं दिलेल्या माहितीवरून, माझ्या स्मरणातून, पडताळणी बाकी’. त्या शिक्षकांचं नाव, माझं नाव, तारीख. तो कागद फोटोबरोबर पाकिटात ठेवला आणि काकांनी वहीत तशी नोंद केली.

मोकळी जागा अजून मोकळी आहे. गावात नव्वदीच्या पुढच्या दोन आजी आहेत. पुढच्या सुट्टीत फोटो घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. वही सोबत असेल.